श्रीमंत सयाजीराव गायकवाड : घर, वाडा आणि रंग

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. यंदा इमारतींना बाहेरून रंग द्यायचा असं ठरलं आणि तेव्हापासून जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये एकच विषय चालू आहे. कोणाला पिस्ता हवा, कोणाला विटकरी, तरुण मंडळींना करडा आणि पांढरा. शेड कार्ड दहा घरं फिरून येतं, त्याचे कोपरे दुमडतात, पण निर्णय काही होत नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा वाटलं की या विषयावर आपण उपदेश करण्यापेक्षा एका मोठ्या माणसाचं चरित्रच सांगावं. हा माणूस आपल्या नाशिक जिल्ह्यातला. मातीच्या घरांच्या गावात जन्मला आणि देशातल्या अत्यंत भव्य, अत्यंत रंगीत अशा वाड्यात राहिला. बडोद्याचे महाराज, तिसरे सयाजीराव गायकवाड.

मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथं ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. घराणं बडोद्याच्या गायकवाडांच्या भाऊबंदकीतलं खरं, पण दूरचं. राजवाड्याशी संबंध नावापुरता, पोट शेतीवर. मुलगा गुरंढोरं, शेत, नदी यांत वाढला आणि बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं.

त्या काळची आपल्याकडची खेड्यातली घरं आमच्या वयाच्या लोकांनी थोडीफार पाहिलेली आहेत. जाड मातीच्या भिंती, वर धाबं. सणाच्या आधी बायका भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, खाली गेरूचा हातभर पट्टा ओढायच्या, भुई शेणानं सारवायच्या आणि दारात रांगोळी. एवढेच रंग. पण नीट पाहिलं तर त्यात केवढा विचार होता! भिंत पांढरी, म्हणजे लहान खिडकीतून आलेला उजेड घरभर पसरतो आणि ऊन परतवलं जातं. खाली गेरू, कारण पावसाचे शिंतोडे आणि पोराबाळांचे हात तिथंच लागतात, ते गेरूवर दिसत नाहीत. आपण जिन्याला कमरेइतका गडद ऑइल पेंट मारतो तो याच कारणासाठी. लहानग्या गोपाळरावांच्या डोळ्यांनी जे पहिले रंग पाहिले ते हेच असणार. राजवाड्याच्या वर्णनापुढे हा भाग बारीक वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो.

१८७५ साली बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. मल्हारराव महाराजांना इंग्रज सरकारनं गैरकारभाराच्या आरोपावरून पदच्युत केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून काही मुलं बडोद्याला नेण्यात आली, त्यांतून जमनाबाईंनी गोपाळरावांना निवडलं. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि बारा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाचं नाव सयाजीराव झालं.

ज्या दरबारात हा मुलगा गेला तिथं रंग आणि चकाकी यांचा एकच अर्थ होता, ऐश्वर्य दाखवणं. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या. अशा ठिकाणी अचानक सगळं मिळालेला मुलगा बिघडायला वेळ लागत नाही. इथं दोन माणसं आडवी आली असं म्हणावं लागेल. एक दिवाण सर टी. माधवराव आणि दुसरे शिक्षक एलियट साहेब. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अभ्यास, तालीम, घोडेस्वारी. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा भाषा एकदम सुरू झाल्या. मुलगा हुशारीनं चमकणारा नव्हता, पण चिकाटीचा होता. पुढे आयुष्यभर हाच माणूस पुस्तकं, संग्रहालयं, शाळा यांच्या मागे लागला त्याची मुळं इथं आहेत.

आता वाड्याकडे येऊ. लक्ष्मी विलास राजवाड्याची योजना आखली गेली तेव्हा सयाजीराव अजून विशीतही आले नव्हते. कारभार माधवरावांच्या हातात होता. आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिला असेल तर तो याच गृहस्थांचा. १८८१ मध्ये, काम अर्ध्यात असताना, मँट वारले. आपली गणितं चुकली, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीनं त्यांनी जीव दिला असं सांगितलं जातं. इमारत आज सव्वाशेच्या वर वर्षं उभी आहे. पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी १८९० पर्यंत पूर्ण केलं.

ज्यांनी हा वाडा पाहिला असेल त्यांना त्याचं बाहेरून दिसणारं रूप आठवत असेल. घुमट, मनोरे, कमानी, जाळ्या, झरोके. हिंदू, मुसलमानी आणि विलायती अशा सगळ्या तऱ्हा एकाच ठिकाणी. खरं सांगायचं तर आकारांची गर्दी जरा जास्तच आहे. तरीही नजर गोंधळत नाही, आणि याचं श्रेय मी रंगाला देतो. बाहेरून त्या वाड्याला रंग दिलेलाच नाही! जो रंग दिसतो तो दगडाचा. सोनगढचा सोनेरी पिवळसर दगड, पुण्याकडचा निळसर काळा पाषाण, आग्र्याचा तांबूस दगड आणि राजस्थानचा संगमरवर. मुख्य अंग एका सोनेरी छटेचं, बाकीचे रंग कमानीच्या कडेला, पट्ट्यात, नक्षीत, जिथं आकार उठून दिसायला हवा तिथंच. बडोद्याचं ऊन रणरणतं. त्या उन्हात पिवळसर दगड सकाळी एक दिसतो, दुपारी एक आणि संध्याकाळी तर वेगळाच. आणि दगडाचा रंग उडत नाही, पापुद्रे सुटत नाहीत.

अहो, लांब कशाला, आपल्या पंचवटीतलं काळाराम मंदिर घ्या. सगळं देऊळ काळ्या पाषाणाचं, दगड रामशेजच्या बाजूचा, आणि शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेला कळस. दोनच रंग. कळस एवढा चमकतो तो खाली सगळं काळं आहे म्हणून. बाजूला चार भडक रंग असते तर त्याच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं.

आपल्या इमारती काही दगडाच्या नाहीत. सातपूरला आपल्याला सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा रंग यावरच भागवायचं आहे. पण तत्त्व तेच लागू पडतं. मोठ्या भिंतीला एकच, उन्हात टिकणारी, मातीच्या जवळची छटा. गडद रंग सज्जे, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याचा उभा पट्टा एवढ्यापुरता. लाल आणि भडक निळा या रंगांवर पश्चिमेचं ऊन दोन-तीन वर्षांत सूड उगवतं. गडद भिंत उष्णता शोषून घेते, वरच्या मजल्यावरच्या लोकांना विचारा. पांढराशुभ्र रंगही आपल्याकडे टिकत नाही. पावसाळ्यात पॅरापेटवरून काळे ओघळ येतात आणि कारखान्यांच्या पट्ट्यातली धूळ बसते ती वेगळीच. शिवाय शेड कार्डावरचा इंचभर तुकडा आणि चार मजली भिंत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोठ्या भिंतीवर तोच रंग गडद आणि अंगावर येणारा वाटतो. म्हणून भिंतीवर निदान दोन बाय दोन फुटांचे नमुने रंगवून सकाळी, भर दुपारी आणि दिवाबत्तीनंतर पाहावेत. आणि गळती असेल तर आधी गळती. ओल्या भिंतीवरचा रंग म्हणजे तापल्या अंगावर भरजरी शालू.

महाराजांच्या आयुष्याकडे परत वळतो. ६ जानेवारी १८८० रोजी तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सासरी त्यांचं नाव चिमणाबाई ठेवलं. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते. वाडा चढत होता, संसार सुरू झाला होता, मुलगा फत्तेसिंहराव जन्मला. आणि १८८५ मध्ये चिमणाबाई क्षयानं गेल्या. वाडा पुरा व्हायला अजून पाच वर्षं होती. ज्या घराचं नाव त्यांच्या माहेरच्या नावावरून पडलं असं मानतात, त्या घरात त्यांचा पाय लागला नाही. महाराज बावीस वर्षांचे. त्यांच्या स्मरणार्थ रावपुऱ्यात १८९६ साली उभा केलेला चिमणाबाई टॉवर बडोद्याला गेलेल्या प्रत्येकानं पाहिलेला असतो. त्याच वर्षाअखेर, म्हणजे १८८५ मध्येच, महाराजांचं दुसरं लग्न देवासच्या गजराबाई घाटगे यांच्याशी झालं. त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आलं. या दुसऱ्या चिमणाबाई पुढे पडदा सोडून सार्वजनिक कामात उतरल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

वाड्याच्या आत मात्र रंग मोकळा सोडला आहे. दरबार हॉल पाहण्यासारखा. जमिनीला व्हेनिसच्या पद्धतीचं मोझेक, त्यासाठी तिकडून कारागीर आणवले होते. खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. फेलिची नावाच्या इटालियन शिल्पकाराची शिल्पं. आता यातली खुबी पाहा. रंगीत काच स्वतः फार दिसत नाही, ती उजेडाला रंग देते. ऊन सरकेल तसा तो रंग जमिनीवरून सरकतो. दिवसभरात खोली किती वेळा बदलते! आणि हे घडतं ते बाकीचा पसारा मर्यादेत असल्यामुळे. भिंतीही तितक्याच भडक असत्या तर काचेचा उजेड कुठं पडला हे कळलंही नसतं. आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये दारावरच्या अर्धगोल झरोक्यात लाल, हिरव्या, निळ्या काचा असत. दुपारी ओसरीवर त्यांचे ठिपके पडत. तीच गोष्ट, गरिबाघरची.

फ्लॅटमध्येही हे करता येतं. पश्चिमेची खोली दुपारनंतर तापते, तिथं फिकट निळसर, हिरवट छटा डोळ्यांना थंड वाटतात. उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, उजेड थंड असतो, तिथं मलई किंवा फिकट पिवळा ऊब आणतो. छत पांढरंच ठेवावं, त्यानं खोली उंच वाटते. एखादीच भिंत किंवा एखादीच वस्तू रंगीत. सोफा, पडदे, भिंत, चादर यांनी प्रत्येकानं आपलं म्हणणं एकदम मांडलं की मग सर्वसाधारण सभेसारखं होतं.

दरबारातल्या रंगांची खरी गोष्ट मात्र चित्रांची आहे. दिवाण माधवराव पूर्वी त्रावणकोरला होते, त्यांना तिकडचा राजा रविवर्मा हा चित्रकार माहीत होता. त्यांच्यामुळे रविवर्मा बडोद्याला आले आणि महाराजांच्या राज्याधिकाराच्या सुमारास त्यांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढली. पुढे नव्या वाड्याच्या दरबारासाठी महाराजांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा मोठी तैलचित्रं रविवर्म्यांना सांगितली. त्या कामासाठी रविवर्मा आणि त्यांचे बंधू उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. प्राचीन काळातला पोशाख कसा होता याचा शोध त्यांना घ्यायचा होता. तसा एकच एक पोशाख काही सापडला नाही, तेव्हा त्यांनी नायिकांना साडी नेसवली. दमयंतीची साडी, मेनकेचं वस्त्र, जरीचे काठ हे रंग आज आपल्याला इतके ओळखीचे आहेत की पुराणकाळी असंच नेसत असतील असं वाटतं. ही त्या चित्रांची किमया.

चित्रं तयार झाली १८९० च्या सुमारास. इथं महाराजांनी एक वेगळी गोष्ट केली. चित्रं वाड्यात टांगून दार लावून घेतलं नाही. बडोद्यात ती सर्वसामान्य लोकांना पाहायला खुली केली, मुंबईतही त्यांचं प्रदर्शन झालं. लोकांची रीघ लागली. देवळात ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं अशांनीही राम-सीता, नळ-दमयंती माणसांसारखी, अंगावर खऱ्या कपड्यांचे रंग असलेली पाहिली. त्या चित्रांच्या प्रती घरी हव्यात अशी मागणी होऊ लागली. रंगीत छापील चित्रांची कल्पना माधवरावांनी रविवर्म्यांना आधीच सुचवलेली होती. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एका चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, एकावर एक छाप, सगळे छाप बरोबर जुळले पाहिजेत. छापखान्यानं रविवर्म्यांना कर्जात घातलं आणि शेवटी तो विकावा लागला. पण तोवर लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचल्या होत्या. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या देवघरात काळ्या चौकटीतली ती कमळावरची लक्ष्मी असेल, गुलाबी कमळ, लाल साडी, मागे पाणी. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर सगळ्या घरात तेवढाच एक रंगीत तुकडा. त्याचं एक टोक बडोद्याच्या दरबारात आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

भिंतीवर चित्र लावायचं तर भिंतीनं मागे राहावं, हे त्या पांढऱ्या भिंतीनं शिकवलेलं. आता आपण भिंतीलाच फुलांचा वॉलपेपर लावतो आणि मग फोटो कुठं टांगावा कळत नाही.

महाराजांनी रंग दाखवले, तसे ते बनवायलाही शिकवले. १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. चित्रकला, स्थापत्य, यंत्रकाम यांच्याबरोबर तिथं रंगाईचं शास्त्र शिकवत. त्या काळी जर्मनीतून कृत्रिम रंग येऊ लागले होते आणि मंजिष्ठा, नीळ, हळद यांवर जगणारा आपला रंगारी बुडत होता. नव्या रंगांचं रसायन आपल्या मुलांना आलं पाहिजे, हा विचार त्यामागे होता. या गज्जरांची एक गंमत सांगतो. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये कोणीतरी डांबर फासलं. ते काम चाफेकर बंधूंचं होतं हे मागाहून उघड झालं. डाग काही केल्या निघेना. तो काढून दाखवला या देशी प्राध्यापकानं. रंग चढवणाऱ्याला रंग उतरवताही आला पाहिजे, हे आपल्या पेंटिंग कंत्राटदारांनाही सांगायला हवं. खरवडल्याशिवाय वरून हात मारला की पुढच्या पावसाळ्यात काय होतं ते सगळे जाणतात.

याच कलाभवनात आपल्या त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा शिकून गेला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. आपल्या सातपूरवरून जाणारा रस्ता ज्या गावाला जातो तिथं ते जन्मले. चित्रकला, छायाचित्रण, ब्लॉक बनवणं, रंगीत छपाई यांत ते तयार झाले, रविवर्म्यांच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला, आणि १९१३ साली त्यांनी हिंदुस्थानचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढला. कवळाण्याच्या मुलानं काढलेल्या शाळेत त्र्यंबकचा मुलगा शिकला, दोघेही आपल्याच जिल्ह्यातले.

राज्यकर्ता म्हणून सयाजीरावांचं काम सर्वश्रुत आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सर्व राज्यात. गावोगाव ग्रंथालयं, फिरती ग्रंथालयं. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना. बँकेत उमेद घालवलेल्या माणसानं ही तारीख गाळली तर सहकाऱ्यांना आवडणार नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती त्यांनीच.

पण याच ठिकाणी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिष्यवृत्तीच्या करारानुसार डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात ते कसेबसे राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं. राज्यात शाळा होत्या, ग्रंथालयं होती, एवढा मोठा वाडा होता, महाराज स्वतः अस्पृश्यतेच्या विरोधात होते आणि तरी एका विद्वान माणसासाठी शहरात एक खोली नव्हती. त्यानंतर तेरा वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, त्यांच्याच नेतृत्वाखाली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. वर ज्या देवळाच्या काळ्या दगडाचं आणि सोनेरी कळसाचं मी कौतुक केलं, तेच हे देऊळ. गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिणं मला उचित वाटतं. आपल्या संस्थेत पहिल्या दिवसापासून सर्व जातिधर्मांचे, कारखान्यातले आणि कचेरीतले सभासद आहेत, ही गोष्ट कोणत्याही रंगापेक्षा जास्त शोभेची आहे.

वाड्याच्या खर्चाबद्दलही बोलायला हवं. रयतेच्या पैशातून राजानं एवढं घर बांधावं का? वाडा पुरा झाल्यावर दहा वर्षांच्या आत, १८९९-१९०० मध्ये, गुजरातवर छप्पनियाचा भयंकर दुष्काळ आला. महाराजांनी दुष्काळी भागात दौरे केले, कामं काढली. तरीही हिशेबाच्या वहीत दोन्ही रकमा समोरासमोर मांडल्या तर मन खातं. माझं मत विचाराल तर वाड्यापेक्षा कलाभवन आणि शाळा यांवर झालेला खर्च राज्याला अधिक फळला. पण वाडा सुरू झाला तेव्हा निर्णय महाराजांच्या हाती नव्हता, आणि हाती आल्यावर त्यांनी निदान त्यातली चित्रं लोकांसमोर ठेवली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवावं लागेल.

आणखी एक रंग त्यांच्या आयुष्यात ठळक आहे, तो म्हणजे पांढरा. १९११ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहांचा दरबार भरला. सगळे संस्थानिक जरीचे अंगरखे, हिरे-मोती, पदकं यांनी लदलेले. सयाजीराव आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात. मुजऱ्याच्या वेळीही त्यांनी रीतीप्रमाणे वाकून पाठ न दाखवता मागे सरणं काटेकोरपणे पाळलं नाही, असा गवगवा झाला. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी राजद्रोहापर्यंत गोष्ट नेली आणि त्यांना खुलासा लिहून द्यावा लागला. हेतू काय होता यावर आजही दोन मतं आहेत. पण हजारो रंगांत एक पांढरा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, हे मात्र निश्चित.

घरात मात्र दुःख वाढत गेलं. थोरले फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये. तीन तरणीताठी मुलं. महाराजांना स्वतःला निद्रानाशाचा आणि संधिवाताचा त्रास होता, प्रकृतीसाठी वारंवार युरोपात जावं लागे. मोठ्या वाड्यात माणसं कमी होत गेली. रंगीत काचांचा उजेड रोज जमिनीवर पडत असणार, पण पाहायला घरचं कोण होतं? वाडा बांधताना कोणी हा हिशेब करत नाही.

म्हातारपणी त्यांनी घराण्याच्या स्मरणासाठी कीर्तिमंदिर बांधवलं. त्याच्या भिंती रंगवायला त्यांनी विलायतेतून कोणाला बोलावलं नाही. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. दरबारातल्या तैलचित्रांची चमक इथं नाही. सपाट, मातकट, शांत रंग, भिंतीतच मुरलेले. गेरू आणि पांढऱ्या मातीच्या जवळचे. गंगावतरण, मीराबाईचं जीवन, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या नाटकावरचं नटीर पूजा असे विषय नंदलालबाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्यानं काही वर्षांत पुरे केले. ते सगळं पूर्ण झालेलं महाराजांना पाहायला मिळालं नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. बडोद्याला गेलात तर लक्ष्मी विलासचं तिकीट काढून झाल्यावर कीर्तिमंदिराच्या भिंतीही पाहून या. तिथं गर्दी नसते.